माझी सायकल आणि मी

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शंभर माणसांच्या पुरणपोळ्या करायला सांगितल्या असत्या तर मी पदर खोचून उभी राहिले असते, पण बोलायचे म्हणताच घशाला कोरड पडते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे चिटणीसबाईंनी ‘तुमच्या सायकलीबद्दल चार शब्द बोला’ असे सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘सायकलीत बोलण्यासारखं काय असतं? बसायचं आणि पाय मारायचे.’ त्या हसून म्हणाल्या, ‘मग तेच सांगा.’ म्हणून तेच सांगते. चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या भिवंडीला सायकल काही नवी नाही. पहाटे पाव आणि दूध सायकलीवरून येते. मागावरचा कामगार पाळी सुटली की सायकलीवरून खोलीवर जातो. पंक्चर काढणारा, वायसर बदलणारा, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा कारागीर अजून नाक्यानाक्यावर बसलेला दिसतो. पण ह्या सगळ्या सायकली पुरुषांच्या आणि पोटासाठी चालणाऱ्या. चाळिशी उलटलेली बाई काही कारण नसताना, नुसती मौज म्हणून सायकलीवरून तलावाला फेरी मारून येते, हे पाहायची सवय आपल्या डोळ्यांना नव्हती. ती सवय मी लावली, म्हणून तुम्ही मला इथे उभे केले आहे, असे मी समजते.

माझे माहेर वाडा तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंतच. १९९२ साली मी सातवी पास झाले. पुढची शाळा सहा किलोमीटरवर. माझा दादा तेव्हा नववीत होता. त्याच्यासाठी बाबांनी जुनी सायकल घेतली होती, काळी, उंच, मधे दांडी असलेली. बाबांनी मला मारून मुटकून घरी बसवले असे मी म्हणणार नाही. त्यांना माझे कौतुक होते. ते एवढेच म्हणाले, ‘पोर एकटी इतक्या लांब कशी जाईल?’ सायकल एकच, आणि ती मुलाची. हे इतके उघड होते की घरात त्यावर वादसुद्धा झाला नाही. जूनमध्ये दादा सायकल काढून शाळेला गेला आणि मी आईबरोबर आवणीला गेले.

लग्न होऊन भिवंडीत आले ते मागांच्या खटखटीत. आमचे हे एका कारखान्यात जॉबर. पहिले काही महिने मला रात्री झोप येत नसे, आणि नंतर नंतर वीज जाऊन माग थांबले की जाग येई. घरी बसून कांड्या भरल्या, मुले वाढवली, सासूबाईंचे दुखणेखुपणे केले. तुमच्यापैकी निम्म्याजणींची गोष्ट हीच असेल, म्हणून ती लांबवत नाही.

मुलगी आठवीत गेली तेव्हा तिला आम्ही लेडीज सायकल घेतली. ते मात्र मी हट्टाने केले. बारावीनंतर ती कल्याणच्या कॉलेजात जाऊ लागली आणि सायकल गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिच्या हँडलला मी कांद्याची पिशवी अडकवत असे आणि दांडीवर ओले फडके वाळत घालत असे.

मग आले २०२० साल. टाळेबंदी लागली आणि आपल्या गावचे माग एकदम बंद पडले. इतकी शांतता भिवंडीने जन्मात ऐकली नसेल. त्या एप्रिल-मेमध्ये आपल्या इथून उत्तर प्रदेशाकडे निघालेले कामगार आपण सर्वांनी पाहिले. कोणी पायी, कोणी सायकलीवर. कॅरिअरला बोचके, हँडलला पाण्याची बाटली, आणि पुढे हजार-दीड हजार किलोमीटरचा रस्ता. आमच्या गल्लीतून गेलेल्या दोघांना सासूबाईंनी चपात्या बांधून दिल्या. त्याच दिवसांत बिहारच्या ज्योती कुमारी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्या जखमी वडिलांना कॅरिअरवर बसवून दिल्लीजवळच्या गुरुग्रामहून दरभंग्याला, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर नेले. ते वाचून मुलीने मला सांगितले. मी गॅलरीत गेले आणि सायकलीवरचे फडके काढले. ‘एवढीशी पोर बापाला घेऊन जाते, आणि आपल्याला ह्या वस्तूवर साधे बसता येत नाही,’ एवढेच तेव्हा मनात आले.

जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाली तेव्हा मी मुलाला म्हटले, ‘मला शिकव.’ तेव्हा माझे वय ४१. तो आधी हसला, मग माझे तोंड पाहून गप्प झाला.

आता शिकण्याबद्दल थोडे सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला शिकायचे असेल तर माझे खरचटलेले गुडघे तुमच्या उपयोगी पडावेत. पहिले आठ दिवस आम्ही चुकीच्या रीतीने शिकलो. मुलगा मागून सीट धरी, मी पायडल मारी, तो सोडी आणि मी पडे. मग नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी सांगितले, ‘ताई, पायडल काढून टाका.’ त्यांनी स्वतः पान्याने दोन्ही पायडले काढून दिली. (डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो, तो नेहमीच्या दिशेने पिळला तर आणखी घट्ट बसतो, हे मला तेव्हा कळले.) सीट इतकी खाली केली की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. मग नुसते पायांनी जमीन ढकलत पुढे जायचे, आणि वेग आला की पाय उचलून धरायचे. चार दिवसांत तोल सापडला. नंतर पायडले बसवली आणि त्याच संध्याकाळी मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

मुलीने मला पुढे वाचून दाखवले की जगातले पहिले दोन चाकांचे वाहन अगदी असेच होते. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने ते काढले, त्याला पायडल नव्हतेच. लोक पायांनी ढकलत जात. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन अशी आजच्यासारखी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात आली आणि हवा भरलेला टायर डनलॉपसाहेबांनी १८८८ साली काढला. म्हणजे जगाला जे शिकायला सत्तर वर्षे लागली ते मी पंधरा दिवसांत शिकले, असे मी ह्यांना ऐकवले. हे म्हणाले, ‘आता आमटीकडे बघ.’

तोलाची एक खुबी सांगते. सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल वळवायचे असते. आपण घाबरून उलट बाजूला वळवतो आणि म्हणून पडतो. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे न्यायचे, चाक आपल्या अंगाखाली येते आणि ती सावरते. आणि नजर चाकाकडे नाही, लांब रस्त्यावर ठेवायची. खड्ड्याकडे बघितले की सायकल नेमकी खड्ड्यातच जाते, हे मी स्वानुभवाने सांगते.

शिकण्यापेक्षा जड गेले ते लोकांचे बोलणे. ‘ह्या वयात हे काय?’ असे म्हणणाऱ्या होत्याच, पण त्याहून निराळे एक बोलणे मनाला लागले. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, ‘स्कूटी घ्यायला पैसे नाहीत का ह्यांच्याकडे? कामवाल्या बाईसारखी सायकलीवर कसली जाते!’ दोन दिवस मी सायकल काढली नाही. मग विचार केला, त्या बाई काही खोटे बोलल्या नव्हत्या. सायकल हे गरिबाचे वाहन, ही समजूत आपल्या सगळ्यांच्याच मनात आहे. माझ्याही होती. म्हणून तर कांद्याची पिशवी तिला अडकवली. टाळेबंदीत चालून गेलेल्या त्या कामगारांना सायकल म्हणजे घर गाठायचे एकमेव साधन होते. माझी ती हौस. पण ज्या वस्तूने त्यांना घरी नेले तिच्यावर बसायची लाज मला का वाटावी? तिसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढली. त्या शेजारीण बाई आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर येतात. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते आहे.

माझा रोजचा क्रम असा. साडेपाचला चहा ठेवते, सासूबाईंना देते आणि सहाच्या आत बाहेर पडते. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. साडी नेसून चालवता येते, पण निऱ्या चेनमध्ये गेल्या तर सायकलही थांबते आणि अब्रूही. वेषाची ही अडचण जुनीच आहे. १८९४ साली अमेरिकेत ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई सायकल घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तिलाही सुरुवातीचा घोळदार झगा वाटेत टाकून सुटसुटीत पोशाख करावा लागला होता.

कामतघरच्या बाजूने वऱ्हाळादेवीच्या तलावाकडे जाते. त्या वेळी पाण्यावर धुके असते, रात्रपाळीचे कामगार केसांत कापसाचा तूस घेऊन परतत असतात आणि रस्ता आपला असतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की देवीला बाहेरूनच हात जोडते आणि सातला घरी. एकूण सात-आठ किलोमीटर होतात. तेवढा एक तास मी कोणाची आई, सून, बायको नसते असे म्हणणार नाही, कारण डोक्यात डब्याची भाजी चालूच असते. पण त्या तासात मला कोणी हाक मारीत नाही. वीस वर्षांत मला असा तास मिळाला नव्हता, हे तो मिळाल्यावर कळले.

आता पडण्याबद्दल सांगायला हवे, नाहीतर मी नुसतेच गोड बोलले असे होईल. २०२२ च्या पावसाळ्यात एका रस्त्यावर पाणी साचले होते. पाण्याखाली खड्डा होता. पुढचे चाक आत गेले आणि मी हँडलवरून पडले. डावे मनगट मोडले. मागून टेंपो येत होता, त्याने ब्रेक मारला म्हणून मी आज बोलते आहे. सहा आठवडे प्लॅस्टर होते. घरात कोणी रागावले नाही, पण सगळे गप्प होते आणि ते जास्त जड होते. हे एवढेच म्हणाले, ‘आता पुरे.’ मुलाने सायकल पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवली. मीही मनातून भ्याले होते. आपल्या भिवंडीच्या रस्त्यांवर गोदामांचे कंटेनर आणि ट्रक रात्रंदिवस चालतात, तिथे माझ्यासारखीने जावे का, हा प्रश्न खराच आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर महिनाभर मी सायकलीकडे पाहिले नाही. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘तू जात होतीस तेव्हा माझा चहा सहाच्या आत व्हायचा. आता सात वाजतात.’ बाकी काही नाही. त्यांच्या मनात चहा होता की आणखी काही, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी टायरमध्ये हवा भरून आणली. मात्र आता काही नियम मी पाळते, ते सांगते. साचलेल्या पाण्यातून जायचे नाही, उतरून चालत जायचे. कंटेनरच्या डाव्या अंगाने पुढे घुसायचे नाही, तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. पावसात गटाराची लोखंडी झाकणे टाळायची, चाक घसरते. अंधारात पाठीमागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट. दर आठवड्याला दोन्ही ब्रेक तपासायचे. गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांनी सीटची उंची पाहावी. पायडल अगदी खाली गेले की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. शिकताना सीट खाली असते ती आपण तशीच ठेवतो आणि गुडघ्यांना दोष देतो.

२०२३ च्या मार्गशीर्षात आम्ही तिघीजणी वज्रेश्वरीला जाऊन आलो. नदीनाका, शेलार, कवाड, अनगाव, अंबाडी आणि तिथून वळून देवीचा डोंगर. एका बाजूचे २५-३० किलोमीटर. पहाटे पाचला निघालो. कवाडनंतर उजाडले, शेतांत कापलेल्या भाताचे भारे होते. दोनदा उतरून चढ चालत गेलो आणि अनगावला चहा प्यालो. तिथे एका आजीने विचारले, ‘बायांनो, एस्टी चुकली काय?’ वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला होता आणि १७३९ साली किल्ला हाती आल्यावर तो फेडला, असे सांगतात. आम्हीही नवसच केला होता, पंक्चर होऊ नये म्हणून. देवी पावली. दर्शन घेऊन अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलो तेव्हा तिघींपैकी कोणीच बराच वेळ बोलले नाही. लग्नानंतर नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय, आपल्या पायांच्या बळावर इतक्या लांब आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. परत येताना मात्र पाठ आणि कंबर बोलत होत्या.

मी काही मोठा पराक्रम केला असे कोणी समजू नये. पराक्रम करणाऱ्या निराळ्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्या विशीतल्या मुलीने २०१८ साली एकटीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. पुण्याच्याच प्रीती मस्के, दोन मुलांची आई, चाळिशीत सायकलीकडे वळल्या आणि २०२२ साली वयाच्या ४५ व्या वर्षी लेह ते मनाली हा ४३० किलोमीटरचा हिमालयातला रस्ता त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत पार केला. त्यांच्यापुढे माझी तलावाची फेरी म्हणजे अंगणातली रांगोळी.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती तमिळनाडूच्या पुदुकोट्टईची हकिगत. १९९१ साली त्या जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी ठरवले की बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या बाया सायकल शिकल्या. पी. साईनाथ ह्या पत्रकारांनी त्यावर लिहिले आहे. एक लाखाच्या वर बायका तिथे शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येते.

मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी साल पुन्हा वाचायला लावले. १९९१. म्हणजे ज्या सुमारास माझी शाळा सहा किलोमीटरसाठी सुटली, त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या आईच्या वयाच्या बायका सायकलीवर बसत होत्या. तेव्हा अडले होते ते बाईच्या पायांत बळ नव्हते म्हणून नाही. कोणाला सुचले नाही म्हणून.

गेल्या दिवाळीत बाबा आमच्याकडे राहायला आले होते. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. सकाळी मी निघाले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. परत आले तेव्हाही तिथेच. म्हणाले, ‘आण बघू इकडे.’ मी सायकल जवळ नेली. त्यांनी हँडल पाहिले, चेन पाहिली, मग मागचे कॅरिअर हाताने दाबून पाहिले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘दादाच्या सायकललाही कॅरिअर होतं.’

भगिनींनो, दादा आणि मी एकाच शाळेत, एकाच वाटेने, एकाच वेळी जाणार होतो. कॅरिअर रिकामे जात होते. तीस वर्षांत हे मलाही कधी सुचले नव्हते. मी काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला.

म्हणून आज मंडळापुढे एक विनंती ठेवते. आता मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. ज्यांच्या मुलींना, भाचींना तो लाभ मिळण्यासारखा असेल त्यांनी शाळेत जरूर चौकशी करावी. पण आपल्या हातातलेही काही आहे. मी मोजले, आपल्या तीन गल्ल्यांत मिळून अकरा सायकली गॅलऱ्यांत आणि जिन्याखाली गंजत पडल्या आहेत. त्या मंडळाला द्या. चाचांशी मी बोलले आहे, ते फक्त सुट्या भागांचे पैसे घेऊन दुरुस्त करून देतील. शाळेचे पटांगण रविवारी सकाळी सहा ते सात मिळेल का, हे अध्यक्षबाईंनी विचारावे. शिकवायला आम्ही तिघी आहोत, आणि पायडल काढायचा पाना माझ्याकडे आहे. ज्यांना स्वतः शिकायचे त्यांनी यावे, ज्यांना लाज वाटते त्यांनी मुलीला घेऊन यावे आणि तिच्या निमित्ताने बसून पाहावे. पडलात तर हळद माझ्या घरची.